परतीच्या जाळ्या

घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्या रोली बोद्रीने टिश्यूचा एक तुकडा बैठकीतल्या, जमिनीलगतच्या जाळीवर धरला आणि हात काढून घेतला. कागद खाली पडला.

"बघितलंत आजी? चिकटायला हवा होता."

सायमा कागदाकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. आल्याआल्या या माणसाने ऐन फेब्रुवारीच्या थंडीत घराच्या खिडक्या उघडल्या होत्या. आता तो भिंती चाचपत होता. याला वेस्लीने पाठवले होते. मुलाने पाठवलेला माणूस मुलाच्याच बाजूचा असणार.

"भट्टी खाली आहे," ती म्हणाली. "तळघरात."

"खालचं बघून झालं. भट्टीत काही दोष नाही, मागच्याच वर्षी तर बसवलीय. पण ती जेवढी गरम हवा वर पाठवते, तेवढी हवा तिला या जाळ्यांतून परत मिळाली पाहिजे. ती मिळत नाही. मग ती तळघरातली हवा ओढते. ती पुरत नाही, म्हणून गॅसच्या गिझरचा धूर धुरांड्यातून उलटा खाली येतो. मी तिथे काडी विझवून धरली, तर धूर वर जायचा सोडून माझ्याच तोंडावर आला." तो थांबला. "तुमचं डोकं कधीपासून दुखतंय?"

"हे तुला वेस्लीने सांगितलं."

"हो. तुम्ही विसरायला लागलात, हेही सांगितलं."

फ्रिजच्या दारावर वेस्लीने लोहचुंबकाने लावून ठेवलेला कागद होता. वृद्धाश्रमाचा. त्यावरच्या म्हाताऱ्या सगळ्या हसत होत्या.

"मी काही विसरत नाही."

"विसरत असाल तरी त्यात तुमचा दोष नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. माणूस विसरतो, गळून जातो, आणि घरच्यांना वाटतं, वय झालं."

वय झाले नव्हते तर. क्षणभर तिला बरे वाटले. मग रोलीने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि जाळीपुढे गुडघे टेकले.

"हात लावू नकोस तिला!"

"का?"

"उंदीर आहेत."

रोलीने चारही स्क्रू काढले. जाळी बाजूला ठेवली आणि आत हात घातला. करड्या लोकरीचा एक मोजा निघाला. मग दुसरा. मग घट्ट गुंडाळी करून कोंबलेले चिंध्यांचे जाजम. त्यातले निळे पट्टे तिच्या नवऱ्याच्या, आर्मसच्या कामावरच्या शर्टांचे होते. ते सायमाने स्वतः विणले होते.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, याच जाळीतून तिला खालचे बोलणे ऐकू आले होते. कपडे धुवायच्या मशीनजवळ वेस्ली बायकोला म्हणत होता, "एकटीनं राहणं आता आईला झेपायचं नाही." खालचे तिला वर ऐकू येते, म्हणजे वरचे त्यांना खाली ऐकू जातच असणार. आणि ती रोज कॉफी करताना आर्मसशी बोलत असे. आर्मसला जाऊन सहा वर्षे झाली होती. ते वेस्लीच्या कानावर गेले असते, तर त्याला वेगळा पुरावा लागला नसता. दुसऱ्याच दिवशी तिने चारही जाळ्या बुजवल्या होत्या.

रोली जाजमाकडे बघत होता.

"केव्हापासून आहेत हे उंदीर?"

"थँक्सगिव्हिंगपासून."

"आणि डोकेदुखी?"

तिने त्याच्या पुढ्यातले दोन्ही मोजे उचलून घेतले. उरलेल्या तीन जाळ्या त्याने एकेक करून उघडल्या, मोकळ्या केल्या, परत बसवल्या. मग कागद पुन्हा धरला. तो जाळीला चिकटून फडफडत राहिला. भिंतीवर त्याने विषारी वायू साचला की वाजणारा एक लहानसा भोंगा लावला.

"हा वाजला, तर आधी घराबाहेर पडायचं. कोट शोधत बसायचं नाही. आणि उंदीर परत आले, तर फोन मला करायचा."

बाहेर वेस्लीची गाडी येऊन थांबली. तो मागच्या दाराने थेट तळघरात उतरला. रोलीही हत्यारांची पेटी उचलून खाली गेला.

सायमा मोजे मांडीवर घेऊन जाळीपाशी बसली. आता सगळे स्वच्छ ऐकू येत होते.

"काय निघालं?" वेस्ली विचारत होता. "आईनं काही करून ठेवलंय का?"

पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला. सायमाने मोजे मुठीत आवळले.

"उंदीर," रोली म्हणाला.

"चारही जाळ्यांत?"

"थंडी बघतोयस ना किती आहे? त्यांनाही ऊब लागते. आता गिझरचा धूर सरळ वर जातोय बघ. आईला महिनाभर चांगली हवा मिळू दे, डॉक्टरला दाखव, मग ठरव काय ते."

सायमाला राहवले नाही. तोंडावर हात धरून, अगदी हळू, ती आपल्या फिनिश भाषेत म्हणाली, "ऐकलंस ना, आर्मस?"

"कोणाशी बोलतेय ती?" वेस्लीचा आवाज आला. त्याला ती भाषा येत नव्हती. रोलीला तर नव्हतीच.

"आपल्याशीच," रोली म्हणाला. "कॉफी झाली, म्हणतायत. चल वर."

सायमा धडपडत उठली. कॉफी अजून टाकलीच नव्हती.