सातावर एक

"फाटकं घेत न्हाई आन् मेलेल्या माणसाचं घेत न्हाई," राधेश्याम म्हणाला. "बाकी काय असंल ते दाखवा."

मच्छिंद्रने पिशवीचं तोंड सोडलं आणि सात साड्या फळीवर ठेवल्या.

परतूरच्या बाजारातलं जुन्या कपड्यांचं हे दुसरं दुकान. पहिल्या दुकानात त्याने खरं सांगितलं होतं. बायकोच्या आहेत, दिवाळीनंतर वारली. त्या दुकानदाराने साड्यांना हातही लावला नाही. कापड मोजायच्या पट्टीने पिशवी परत सरकवली. शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका बाजूला झाल्या. म्हणून इथे मच्छिंद्र साड्या कुणाच्या ते बोललाच नाही.

दुकानात कामाला बेबीनंदा होती. तिने एकेक साडी उलगडली, उजेडात धरली, काठ पाहिले, फॉल पाहिला. एका पदरावर हळदीचा डाग होता. तो ती नखाने खरवडायला लागली तेव्हा मच्छिंद्रने रस्त्याकडे तोंड केलं.

"बाईनं लई जपून वापरल्यात," ती म्हणाली.

राधेश्यामने किती घेणार म्हणून विचारलं. मच्छिंद्र म्हणाला, द्यायचं ते द्या, नाही दिलं तरी चालेल. फक्त आमच्या गावाकडं, तीर्थपुरीच्या बाजारात, या साड्या विकायला नेऊ नका.

हे बोलायला नको होतं. राधेश्यामने चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात फुकट द्यायला कुणी आलं नव्हतं. साड्या कुणाच्या, हे त्याने आता विचारलं.

"घरवालीच्या," मच्छिंद्र म्हणाला.

"तिला ठावं हाय का?"

राधेश्यामने सांगितलं की मागच्या महिन्यात असाच एक जण आला होता. बायकोच्या साड्या विकून दारू प्याला. दुसऱ्या दिवशी ती बाई दुकानात येऊन रडली, सगळा बाजार गोळा झाला. तो हे सांगत असताना बेबीनंदा घडी घालायच्या निमित्ताने मच्छिंद्रच्या अगदी जवळ आली. ती आपल्या तोंडाचा वास घेते आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्याचे कान तापले.

खरं कारण सांगता आलं असतं. तेराव्यानंतर त्याने एक साडी शेजारच्या रामरावच्या सुनेला दिली होती. परवा ती तीच साडी नेसून हापशावर पाठमोरी उभी होती. मच्छिंद्रने रस्त्यावरूनच हाक मारली, "द्वारके." हापशावर सात-आठ बायका होत्या. कुणी हसलं नाही. रामरावची सून अर्धाच हंडा घेऊन घरी गेली. उरलेल्या साड्या गावात द्यायच्या नाहीत, हे त्याने तेव्हाच ठरवलं. पण हे सांगायचं तर द्वारका मेली हे आधी सांगावं लागलं असतं, आणि साड्या परत न्याव्या लागल्या असत्या.

"ठावं हाय तिला," तो म्हणाला. "तिनंच धाडलंय."

मग ती स्वतः का आली नाही, असं राधेश्यामने विचारलं. मच्छिंद्र म्हणाला, तिचे गुडघे दुखतात, बस चढवत नाही. राधेश्याम म्हणाला, फोन लावून द्या. मच्छिंद्र म्हणाला, ती शेतात गेली असेल, फोन घरीच ठेवते.

"गुडघे दुखतेत आन् शेतात?" बेबीनंदाने विचारलं.

"किती सांगितलं तरी ऐकत न्हाई ती. घरी बसतच न्हाई."

हे एवढं खरं होतं. म्हणून आवाज बरोबर आला. बेबीनंदा हसली. राधेश्यामनेही चष्मा खाली घेतला. ठीक आहे, म्हणाला, पण बाईच्या कपड्याचे पैसे मी माणसाच्या हातात देत नाही. अदलाबदल करतो. सातावर एक. मागं टांगल्यात, त्यातली एक साडी घ्या.

मच्छिंद्र म्हणाला, मला नको.

"तुम्हाला कोण देऊन राह्यलं, पाव्हणं? तिच्यासाठी न्या. सात साड्या देऊन रिकाम्या हातानं गेलात तर भाकर वाढंल का ती?"

बेबीनंदाने त्याला मागच्या दोरीपाशी नेलं. बाई गोरी की सावळी, तिने विचारलं. सावळी, तो म्हणाला. उंच आहे का? माझ्या खांद्याला लागते, तो म्हणाला. आवडीचा रंग कोणता?

हे त्याला माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत साड्या तिनेच घेतल्या होत्या, जावांबरोबर जाऊन. तो दुकानाबाहेर पिशवी धरून उभा राहायचा. त्याने मागे वळून फळीवर पाहिलं. सातातल्या चार जांभळ्या होत्या. एक फिकट, एक गडद, दोन काठाच्या.

"जांभळा," तो म्हणाला.

बेबीनंदाने दोरीवरची एक जांभळी साडी ओढली आणि पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवला. त्याने मान हलवली. तिने घडी घालून साडी त्याच्या पिशवीत ठेवली. फळीवरच्या साड्या तोवर राधेश्यामने उचलून आत नेल्या होत्या.

"न्हाई आवडली तर आठ दिवसांत बदलून देऊ, काका," ती म्हणाली. "पण मंग काकूलाच घेऊन या. तुम्हाला काय कळत न्हाई त्यातलं."

मच्छिंद्रने पिशवी काखेत धरली.

"ती कधी काही बदलून मागत न्हाई," तो म्हणाला.