मूठभर साखर

नेरच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करणारे निजामुद्दीन म्हणजे तोंडातून कधी वावगा शब्द न काढणारा माणूस. त्यांनी भर दुपारी, पंप दुरुस्तीला घेऊन आलेल्या भीमराजला आईवरून शिवी हासडली आणि हातातला पाना भिरकावला, तेव्हा सगळी गल्ली जागच्या जागी थांबली.

भीमराजला राग यायला हवा होता. पण निजामभाई तिथंच फतकल मारून बसले होते. सदरा घामानं चिंब, नजर कुठंच ठरत नव्हती, तोंडानं काहीतरी असंबद्ध चाललेलं. असा घाम, असं बरळणं भीमराजनं आधी पाहिलं होतं. यंदा कपाशीवर फवारता फवारता विषबाधेनं माणसं पडत होती. दोघांचं डोकं तर त्यानं स्वतः मांडीवर घेऊन जीपमधून यवतमाळचं इस्पितळ गाठलं होतं. दोघंही घरी आले नाहीत.

"पंपातलं जहर चढलं," कोणीतरी म्हणालं. "मिठाचं पानी पाजा, ओकू द्या."

शेजारच्या चहावाल्यानं मिठाच्या पाण्याचा गिलास आणलाही. भीमराज तो निजामभाईंच्या ओठांना लावणार, इतक्यात दुकानामागच्या घरातून त्यांची बायको, अमिनाबी, धावत आली. तिनं नवऱ्याच्या तोंडाशी नाक नेलं, गार कपाळावर हात ठेवला आणि गिलास बाजूला सारला.

"जहर नाही हे, वासच नाही. सकाळी शुगरची सुई घेतली अन् गिऱ्हाइकापायी जेवलेच नाहीत, शुगर पार उतरली. साखर आना भाऊ, लवकर."

"भाभी, मानूस चालला अन् तुमी साखर मांगता?"

"आना म्हन्ते ना."

भीमराजनं चहावाल्याच्या डब्यातून मूठभर साखर आणली. अमिनाबी चिमूट चिमूट घेऊन ती नवऱ्याच्या गालात आतून चोळू लागली. ते तिच्या बोटाला कडकडून चावले. तिनं बोट काढलं नाही. "गिळा जी, गिळा," एवढंच म्हणत राहिली.

भीमराज समोर उकिडवा बसून बघत होता. काहीच होईना. लोक पुन्हा मिठाच्या पाण्याचं कुजबुजू लागले. मग हळूहळू हातांची थरथर थांबली. गळ्यावरचा घाम आटला. विझत आलेल्या चुलीवर फुंकर घातल्यावर निखारा लाल व्हावा, तशी त्यांच्या डोळ्यांत ओळख आली. चहात टाकायची साखर ती, आणि तिनं गेलेला माणूस त्याच्या भल्या स्वभावासकट आणून बसवला होता.

निजामभाईंनी ओठ चाटले. भोवतालची गर्दी पाहून ते ओशाळले.

"मी कोनाले काही बोललो तं नाही?"

"नाही," अमिनाबी म्हणाली आणि रक्ताळलेलं बोट तिनं पदरात घेतलं.

मग त्यांचं लक्ष भीमराजकडे गेलं. त्याचे दोन्ही गाल ओले होते.

"भीमराजभाऊ, तुमी कायले रडून राह्यले?"

भीमराजनं बाहीनं तोंड पुसलं.

"काही नाही, निजामभाई. परत आलेला मानूस या वर्षी पह्यल्यांदाच पाह्यला."