दातावरचं जहाज

यतिनने भिंग डोळ्याला लावलं आणि दाताचं कापलेलं टोक खिडकीच्या उजेडात धरलं.

टोकावर बारीक रेघांची जाळी होती. आजच्या हत्तीच्या दातात या रेघा एकमेकींना ऐसपैस कोनात छेदतात, मॅमथच्या दातात चिंचोळ्या कोनात. इथे कोन चिंचोळे होते. म्हणजे हजारो वर्षं बर्फाखाली पुरलेला दात! त्यावर कुणा कसबी माणसाने सुईने जहाज कोरून रेघांत काजळी भरली होती. शिडं फुगलेली, पुढे देवमाशाची शेपटी, होडीत सहा माणसं. सहाव्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलेलं.

ट्रुगानिना उपनगरातल्या घरी यतिनच्या काचेच्या कपाटात असे एकतीस कोरीव दात होते, पण मॅमथचा एकही नव्हता. या एका दातासाठी तो बारा वर्षं झुरत होता. त्याचा मित्र नरेंद्र मालवाहू बोटीवर इंजिनियर होता. त्याने हा अलास्काच्या एका बंदरात घेतलेला. यतिनने मागितला की हसायचा. "गप रे. मी आहे तोवर नाव काढू नकोस."

जूनमध्ये नरेंद्र गेला. मग परवा त्याच्या बायकोचा, देवयानीचा, क्रेगीबर्नहून फोन आला. "यांचं कपाट आवरतेय, भावजी. तो दात नक्की कसला ते येऊन सांगा. मग पुढचं बघते."

पुढचं म्हणजे विक्री, हे कळायला ज्योतिषी नको होता. मॅमथ म्हटलं की दात लिलावात जाणार, आणि लिलावात यतिनचा हात कधीच पोचला नव्हता.

देवयानीने चहा ठेवला. "काय म्हणतोय दात?"

येताना गाडीत घोकलेलं वाक्य त्याने उच्चारलं. "बातमी बरी नाही, वहिनी. हत्तीचा आहे. आपल्या आजच्या हत्तीचा."

"अगंबाई! हे तर म्हणायचे, जुनापुराणा कसलातरी आहे."

"त्याला फसवलं कुणीतरी. हस्तिदंत विकायला बंदी आहे, हा विकायला गेलात तर चौकशी मागे लागेल. माझ्याकडे द्या. मी योग्य जागी जमा करतो, तुमचं नावही येणार नाही."

देवयानीने दात हळूच उचलला आणि मऊ कापडात गुंडाळला. "शनिवारी या. तनयाला विचारते."

यतिनने कप खाली ठेवला. तनया म्हणजे त्यांची मुलगी, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी. ती दहा मिनिटांत सगळं शोधून काढू शकली असती.

चार दिवस त्याचा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की तनयाचाच असेल वाटायचं. एकदा वाटलं, खरं सांगून टाकावं. मग कपाटातली मधली रिकामी जागा दिसली आणि त्याने तो विचार सोडला.

शनिवारी दार तनयानेच उघडलं. टेबलावर लॅपटॉप होता आणि एक जाड फाइल. दात कुठेच दिसत नव्हता.

"बसा अंकल. तुम्ही शुअर आहात? एलिफंट?"

"बारा वर्षं हेच करतोय ग."

"नाही, मी कुठेतरी वाचलं, मॅमथचा पण असतो. क्रॉस-लाइन्स बघून कळतं म्हणे."

तिला रेघांचं माहीत होतं. पण आता मागे फिरणं म्हणजे तोंड काळं करून घेणं. "कळतं. म्हणूनच सांगतोय. मी भिंगातून बघितलंय, तू गूगलवर."

"फेअर इनफ." तनयाने एक कोरा कागद पुढे सरकवला. "मग एवढं लिहून द्याल? एलिफंट आयव्हरी, तुम्ही तपासलं, खाली सही."

"लिहून कशाला? घरातल्या घरात?"

"अंकल, फाइलला लागतं."

तो आतल्या दाराकडे बघत राहिला. स्वयंपाकघरातून तुपाचा वास येत होता. सही केली तर खोटं कायमचं त्याच्या नावावर चढणार होतं. नाही केली तर दात जाणार. त्याने पेन उचललं आणि एका दमात लिहून सही ठोकली.

तनयाने वाचलं, फाइलला लावलं. "थँक्स. नो वरीज आता."

देवयानीने शिऱ्याची वाटी आणून यतिनच्या हातात दिली. तिचा चेहरा हलका वाटत होता.

"चला वहिनी," यतिनचा आवाज त्यालाच चिरका वाटला, "दात द्या. मी घेऊन जातो, तुम्ही मोकळ्या."

"तो आता घरात नाही, भावजी."

"म्हणजे?"

"हत्तीचा म्हटल्यावर मला झोपच लागेना. गजाननाचं रूप ते. मारून काढलेला दात घरात कसा ठेवायचा, आणि दुसऱ्याच्या गळ्यात तरी कसा बांधायचा? काल सोरेंटोच्या फेरीबोटीने निघालो. फुलं वाहिली, आरती म्हटली आणि मधोमध खोल पाण्यात विसर्जन केलं. यांच्या अस्थी सोडल्या तिथेच."

यतिनच्या हातातली वाटी कलंडली. शिरा गालिच्यावर पडला, पण कुणी तिकडे बघितलं नाही.

"आई घाई करून मोकळी झाली," तनया म्हणाली. "मी म्हटलं, आता निदान तुमच्याकडून लिहून तरी घेऊ. उद्या सॉलिसिटरने विचारलं तर?"

"त्याला काय करायचंय?" यतिनने कसंबसं विचारलं.

देवयानीने फाइल मिटली. "वाईट वाटून घेऊ नका, भावजी. कागदात नीट नोंद करायची, म्हणून तो कसला ते विचारलं होतं. यांनी मृत्युपत्रात तो दात तुमच्या नावे लिहून ठेवला होता."