माणशी पाणी

"एवढी शेवटचीच बादली हं," उत्तरा म्हणाली आणि तिनं नळ बंद करून मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

घाटकोपरच्या टेकडीखाली हा एकच सार्वजनिक नळ होता आणि रांगेत तीसएक बायका. उत्तरा पार्ल्याची. नुकतीच बी.एस्सी. होऊन पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीत आकडेमोडीच्या कामाला लागली होती. साहेबांना इंग्लंडचं आणि आपलं माणशी पाणी शेजारीशेजारी मांडून हवं होतं. इंग्लंडचा आकडा छापील पुस्तकात मिळाला. इथला कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणून १९५६च्या त्या मे महिन्यात ती मापाची बादली घेऊन स्वतःच आली होती. बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघायचं, नळ बंद करून वहीत टिपायचं, पाणी पुढच्या बाईच्या हंड्यात ओतायचं आणि पुन्हा बादली लावायची. सरकारी बाई म्हणून रांगेतलं कुणी काही बोललं नव्हतं.

बादली बाजूला झाल्यावर रांगेत पुढे असलेल्या मालवणी शेवंतीनं आपला हंडा पुढे सरकवला. तोटी फिरवली. नळ दोनदा गुरगुरला, चार थेंब पडले आणि पाणी गेलं.

"आता पुन्हा कधी येईल?" उत्तरानं विचारलं.

"आज नाय आता. फाल्यां सकाळी," शेवंती म्हणाली.

मागच्या बायका पुटपुटत पांगल्या. शेवंती मात्र तिथंच उभी राहिली. दोन्ही हंडे रिकामे होते आणि घरी चार दिवसांची बाळंतीण लेक. उत्तरानं घाईघाईनं मापाची बादली तिच्या हंड्यात उपडी केली. हंडा अर्धाही भरला नाही.

"माझ्यामुळे झालं हे."

"आजचो आकडो वहीत धरू नका, बाई," शेवंती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आज तुमी इलात म्हणान कमी पडला. रोज दोन हंडे गावतत."

"माणसं किती घरात?"

"नातू धरून सात."

उत्तरानं वही पिशवीत टाकली आणि शेवंतीचा दुसरा हंडा उचलला. शेवंती नको-नको म्हणत राहिली, पण ती ऐकेना.

आता रुळांपलीकडची विहीरच उरली होती. तळाशी गेलेलं पाणी शेंदून हंडे भरेपर्यंत सकाळचे नऊ वाजले. परतीच्या चढावर उत्तराचा हंडा कमरेवरून घसरायला लागला, पदर भिजला, दोनदा हंडा खाली टेकवावा लागला. शेवंती डोक्यावरचा हंडा न हलवता तिच्यासाठी थांबत होती.

"काय गे लिवतंस त्या वहीत?" तिनं आता एकेरीवर येत विचारलं.

"इंग्लंडात माणशी किती पाणी देतात आणि आपल्याकडे किती."

"किती देतत थंय?"

उत्तरानं मनातल्या मनात गॅलनचे हंडे केले. "दिवसाला एकेका माणसाला दहा हंडे तरी."

"एका माणसाक? आणि ते धा हंडे आणता कोण?"

"कुणीच नाही. घरात नळ असतो. तोटी फिरवली की पाणी."

शेवंती वाटेतला दगड चुकवून पुढे झाली.

"मगे तिकडच्यो बायो दिवसभर करतत काय?"

हा प्रश्न उत्तराला कुणी विचारला नव्हता. "शिकतात," ती अडखळत म्हणाली. "वाचतात. नोकरीला जातात."

"तुझ्या घरात आसा नळ?"

"आहे."

हंड्यामुळे शेवंतीला मान वळवता येत नव्हती. समोरच्या वाटेकडे बघतच ती म्हणाली, "म्हणजे तू थंयलीच."

आणि ती उरलेला चढ चढू लागली.