फणसाने ठेवलेले शब्द

लाईनमन दत्ताराम धुरी त्या फणसाखाली येऊन थांबले. तीन वर्षं त्यांनी हे झाड तोडायचं टाळलं होतं, पण आता फांद्या विजेच्या तारेपर्यंत पोचल्या होत्या. नियमाप्रमाणे झाड तोडण्याआधी त्यातले आवाज उतरवून घ्यावे लागत. झाडाजवळ बोललेलं सगळं खोडाच्या वलयांत साठतं, हे आता शाळेतली मुलंही जाणत होती.

वनखात्याच्या शलाका सामंतने खोडात आवाज उतरवायच्या यंत्राची सुई खुपसली. "सात वर्षांपूर्वी इथेच एक वायरमन शॉक लागून गेला ना, काका?"

"जयवंत. मला न विचारताच चढला." चौकशीतही धुरींनी हेच सांगितलं होतं.

यंत्र खरखरलं आणि त्यातून जयवंत बोलला, "धुरीभाऊ, लाईन बंद केलीत ना?"

"केली रे, चढ तू."

त्यानंतर जी किंकाळी आली, ती ऐकून शलाकाने तोंडावर हात नेला. मग जयवंतच्या बायकोचा आवाज आला, "असे कसे हो न विचारता चढलात?" पुढच्या वर्षाच्या वलयात तीच बाई, तोच प्रश्न. सातही वलयांत ती होती आणि दर वर्षी तिचा आवाज अधिक थकत गेला होता. सुनंदा इथे येते, हे धुरींना ठाऊकच नव्हतं.

"काका, 'चढ तू' कोण म्हणालं?" शलाकाने हळूच विचारलं.

धुरींनी हेल्मेट काढलं. "मी," ते म्हणाले. "झाड आज राहू दे. आधी हे सुनंदाला ऐकवायला हवं. चल माझ्याबरोबर."