खलनायकाचा चबुतरा

देवेशने बूट न काढताच चबुतऱ्यावर पाय ठेवला आणि इराला विचारलं, "आकाश येतंय ना?"

"येतंय. तुझा बूटपण येतोय," कॅमेऱ्यामागून इरा म्हणाली.

"तो नंतर कापू."

महामाया बांधावर उभी होती. चपला तिने मळ्यात शिरतानाच काढल्या होत्या.

जुन्या नटांच्या अखेरच्या जागा शोधून दाखवायच्या, हा पुण्याहून आलेल्या या दोघांचा उद्योग होता. मोबाइलवर त्यांच्या फिती लाखो लोक बघत. आजची फीत महामायाच्या वडिलांवर होती. सहदेवराव, तीस वर्षं पडद्यावर मार खाणारे, मरणारे खलनायक, चार वर्षांपूर्वी जानेफळच्या आपल्या घरी वारले होते.

त्याआधी ते दवाखान्यात असताना कुणीतरी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. नाकात नळी, तोंड उघडं. तो फोटो घरोघर पोचला. घरी आणल्यावर बाबांनी लेकीकडे एकच मागणं मागितलं. "माया, मेल्यावर माह्या मातीचा तमाशा नको होऊ देऊ." तिने हो म्हटलं होतं.

मागच्या वर्षी दोन पोरं न विचारता शिरली आणि मळ्यात जिथे तिथे उकरून गेली. या दोघांनी निदान फोन केला. नाही म्हटलं असतं तर हेही कुंपणावरून आलेच असते. म्हणून ती म्हणाली होती, या.

"अस्थी नदीत नाही सोडल्या?" देवेशने विचारलं.

"आमच्यात नाही सोडत. मातीतच ठेवतात."

"म्हणजे इथेच." त्याने टाचेने चबुतरा ठोकला.

"याच मळ्यात."

"केवढा लांबरुंद बांधलाय हो!"

"आमच्या जानरावांनी बांधला. वीस वर्षं तेच मळा बघतात. रडत रडत बांधला त्यांनी."

"वा! इरा, हे घे. रडत रडत. आणि नाव का नाही कोरलं, ताई?"

"ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ठाऊक आहे."

चबुतऱ्याच्या कडेला खुंटीवर एक घुंगरमाळ टांगलेली होती. देवेशने ती काढून खळखळ वाजवली. "डाकूच्या घोड्याची! ओळखली मी. तो घोड्यावरून पडून मरतो ना, त्या सिनेमातली!"

"जुनी आहे," महामाया म्हणाली.

माळ त्याने गळ्यात घातली आणि स्वतःचा फोटो काढून घेतला. त्याच्या ओठाच्या कडेला सुपारीचा भुगा चिकटला होता. बोलताना तो उडत होता.

"शेवटी पाठीला जखमा झाल्या होत्या म्हणे. वास यायचा का?"

महामायाने त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, म्हणजे प्रेक्षकांना असं खरं लागतं, ताई."

"मी रोज धूत होते जखमा."

"म्हणजे यायचा," तो इराला म्हणाला. "आता ताई, चबुतऱ्यावर डोकं टेकवून जरा रडता का? दोनच सेकंद."

"हात ठेवते," ती म्हणाली आणि तापलेल्या सिमेंटवर तिने तळवा टेकवला. मग सरळ झाली. "ऊन झालंय. आजीच्या आंब्याखाली बसा. पाणी आणते."

बांधावर जुनी झाडं होती. आजीचा आंबा. पलीकडे काकांची चिंच. चिंचेपासून विहिरीच्या वाटेवर एक लहान सीताफळ होतं, चार वर्षांचं, यंदा पहिल्यांदाच धरलेलं. ती तांब्या घेऊन आली तेव्हा देवेश त्या सीताफळाकडे निघाला होता आणि चालता चालता पॅन्टची चेन उघडत होता.

"संडास घराच्या मागे आहे!" तिचा आवाज जरा चढलाच.

"अहो ताई, मोकळ्या हवेची मजा संडासात कुठे?"

त्याने पाठ फिरवली. वाळल्या पानांवर धार पडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

महामायाने तोंड उघडलं. इराच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. तिने तोंड मिटलं.

"सॉरी ताई," इरा खाली बघत म्हणाली. "तो असाच आहे."

देवेश परतला तो हातात एक सीताफळ घेऊन. तेच हात, न धुतलेले. त्याने ते फोडलं, गर चोखला, बिया थू थू करत मातीत उडवल्या. "साखर आहे हो नुसती!"

मग त्याने पिशवीतून प्लास्टिकच्या झेंडूचा हार काढला, तो चबुतऱ्यावर पसरला, हात जोडले आणि आवाज जड केला. "मित्रांनो, शंभर वेळा पडद्यावर मेलेला हा माणूस अखेर इथे शांत झोपलाय."

इराने मान हलवली. झालं.

घुंगरमाळ त्याने महामायाच्या हातात दिली. "चांगली सांभाळा. म्युझियममध्ये जाईल एक दिवस." गाडी मेहकरच्या दिशेने गेली. धूळ खाली बसेपर्यंत ती बांधावर उभी राहिली. मग तिने माळ पुन्हा खुंटीला लावली.

जानराव बैलजोडी घेऊन विहिरीवर पाणी पाजायला आले. चबुतरा दिसला तसे थबकले.

"काऊन वो मायाबाई, आपल्या हरण्याले हार कोनं घातला? पोळा तं कवाचाच झाला."

"पुण्याच्या पाहुण्यांनी."

"बैलाले?" जानरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "म्या तं समजत होतो, पुन्याच्या लोकायले मुक्या जनावराची मयाच नसते."

महामाया हसली नाही. तिने विहिरीवरून बादली भरली आणि सीताफळाच्या आळ्यात ओतली. ओली पानं आणि बिया हाताने वेचून कुंपणाबाहेर टाकल्या. दुसरी बादली ओतली. मग पदराने खोड पुसत ती गुडघ्यांवर बसली.

"थांबा बाबा," ती खोडाला म्हणाली. "अजून एक आणते."