रविवारचं पिठलं

"फ्लूची लस घेतल्यावर दोन आठवडे गोळी बंद होती ना?" डॉक्टरांनी विचारलं.

खाटेवरच्या नानासाहेबांनी ऑक्सिजनच्या मास्कआडून मान हलवली. बोलली मात्र त्यांची लेक, सायली. लग्न होऊन तिला जेमतेम बारा दिवस झाले होते. हातातला हिरवा चुडा अजून तसाच होता.

"गोळ्यांची पट्टी माझ्याच कपाटात होती, डॉक्टर. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, गोळीला हात लावणार नाही म्हणून."

"या गोळीनं सोरायसिस दबतो, तशी अंगातली रोगाशी लढायची ताकदही दबते," डॉक्टर म्हणाले. "लस लागू पडावी म्हणून तेवढे दिवस गोळी बंद ठेवायची. तरी काहींना लागू पडत नाही. यांना पडलेली दिसत नाही." फ्लूनं दोन्ही फुप्फुसं भरली होती. आजची रात्र अवघड आहे, एवढं सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले.

नानासाहेबांच्या पत्नी वच्छलाबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

फुलंब्रीची विहीर सलग तिसऱ्या वर्षी आटली, तेव्हा दोघं नवराबायको पोरीला घेऊन शहरात आले होते. नानासाहेब चितेगावच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. दर रविवारी एक गोळी घेतली की त्यांचे हात साफ राहायचे. ती चुकली की पंधरवड्यात कोपरापासून बोटांपर्यंत खपल्या. मागच्या वर्षी अशाच चुकलेल्या दिवसांत सायलीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं नानासाहेबांचे हात पाहिले आणि समोरचं पाणी तसंच ठेवून ती उठली. टँकरपुढं दोन तास उभं राहून आणलेलं पाणी! हा रोग लागत नाही, हे सांगून नानासाहेबांचं तोंड दुखलं. पण सांगून ऐकतील ते पाहुणे कसले? स्थळ तिथंच मोडलं.

यंदा पुन्हा चांगलं स्थळ आलं. मुलगा सायलीच्या मनात भरला. आणि साखरपुडा ठरला तो नेमका लशीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे ऐन गोळी बंद असण्याच्या दिवसांत.

मग वच्छलाबाईंनी करू नये ते केलं. पिठाच्या डब्यामागं जुन्या पट्टीतल्या दोन गोळ्या पडून होत्या. रविवारी सायली अंघोळीला गेली, तशी त्यांनी एक गोळी कुटली आणि नवऱ्याच्या वाटीतल्या पिठल्यात कालवली. गोळी पिवळी, पिठलंही पिवळं. पुढच्या रविवारी दुसरी. एरवी पिठलं म्हटलं की नाक मुरडणारा हा माणूस, त्यानं दोन्ही वेळा वाटी बोटानं पुसून खाल्ली. भूक सुधारली म्हणून बाईंना बरंच वाटलं.

साखरपुडा झोकात झाला. व्याह्यांनी नानासाहेबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. दोन महिन्यांनी लग्न लागलं, तेव्हा अर्धा मांडव खोकत होता. "अप्पा, मास्क लावा ना," नवरीच्या वेषातली सायली म्हणाली. "लस घेतलीया की," म्हणत नानासाहेब येईल त्याला मिठी मारत राहिले.

डॉक्टरांनी लिहून दिलेली इंजेक्शनं आणायला सायली खाली गेली. वच्छलाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. त्यांना राहवेना.

"अहो, म्या घात केला तुमचा. त्या दोन रविवारी पिठल्यात... गोळी व्हती."

नानासाहेबांनी एका हातानं मास्क जरा वर केला. हात अजूनही साफ होता.

"पहिल्याच घासाला कळलं व्हतं गं," ते म्हणाले. मग दम घेतला. "शपथ म्या घेतली व्हती, तू नाय. तू कधी घालतीस, त्याचीच तर वाट बघत व्हतो."